बिल्टी नसलेला नारळ

लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाची श्रद्धा केबिनमध्ये पाय ठेवताच दिसते. पुढच्या काचेमागे घरच्या दैवताची तसबीर, तिला कालचा झेंडूचा हार, उदबत्ती खोचायला अर्धा बटाटा. बंपरला लिंबू-मिरची, मागच्या फाळक्याखाली काळी बाहुली, नाहीतर एखादी जुनी चप्पल. नाशिक जिल्ह्यातून कांदा घेऊन कोलकात्याकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये तसबीर बहुधा वणीच्या सप्तशृंगीची असते आणि शेजारी शेगावच्या गजानन महाराजांचा स्टिकर. चालक मुसलमान असेल तर ७८६ किंवा अजमेरच्या दर्ग्याचे चित्र. मालक एका धर्माचा आणि चालक दुसऱ्या, अशा गाडीत दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि हार दोघांत मिळून एकच असतो.

वीस-पंचवीस वर्षे या रस्त्यावर काढलेला चालक मात्र ‘श्रद्धा’ हा शब्द सहसा वापरत नाही. तो ‘मानतो’ म्हणतो. देवी मानतो. पहाटे तीननंतर गाडी हाकायची नाही हे मानतो. अमक्या व्यापाऱ्याचा शब्द मानतो, तमक्याचा मानत नाही. देव, नियम आणि माणूस या तिघांसाठी त्याच्याकडे एकच क्रियापद आहे, आणि हा शब्दाचा तुटवडा नव्हे. रस्त्यावर ही तिन्ही एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की वेगळी काढू गेल्यास धागा तुटतो.

ज्या प्रवासाबद्दल इथे बोलायचे आहे तो लासलगाव-पिंपळगाव पट्ट्यात सुरू होतो. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. तिथल्या आणि आसपासच्या खळ्यांवर कांदा पन्नास किलोच्या गोण्यांत भरला जातो. दहाचाकी गाडीत साधारण साडेतीनशे गोण्या बसतात. चांदवड, मालेगाव, धुळे, मग पूर्वेकडे वळून जळगाव, भुसावळ, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा. पुढे छत्तीसगडात राजनांदगाव, रायपूर, सरायपाली. ओडिशात बरगड, संबलपूर, देवगड, केंदुझर. झारखंडचा एक कोपरा कापून खरगपूर आणि कोलकाता. सुमारे १,८०० किलोमीटर. रस्ता बरा लागला तर चार दिवस, नाहीतर पाच. पाचाच्या वर गेले की कांदा स्वतःच चालकाला त्याची आठवण करून देतो. कांदा हा जिवंत माल आहे. तो श्वास घेतो, तापतो, घामेजतो. ताडपत्री ओढून बांधली तर आतून सडतो आणि उघडी ठेवली तर पावसाने जातो. या मार्गावरच्या चालकाची निम्मी नजर रस्त्यावर असते, निम्मी आभाळाकडे.

यातला एक चालक १९९०च्या दशकात, मिसरूड फुटण्याच्या वयात, क्लीनर म्हणून गाडीवर चढला. त्याचा उस्ताद चांदवडला रेणुकामातेच्या मंदिराजवळ गाडी उभी केल्याशिवाय कधी पुढे गेला नाही. मंदिर महामार्गाला लागून आहे, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले. उस्ताद चप्पल काढून वर जाई आणि क्लीनरला खाली ठेवी. खाली ठेवलेल्या क्लीनरला काम असे: लोखंडी टॉमीने दहाच्या दहा टायर ठोकायचे आणि आवाज ऐकायचा, चाकांच्या ड्रमजवळ तळहात नेऊन किती तापले ते पाहायचे, दोर चाचपायचे, मागचे लाल दिवे पुसायचे. पोराला वाटे, उस्ताद पुण्य एकटाच घेतो आणि राबायला आपण. चांदवड सोडले की लगेच राहूड घाट लागतो, आणि मालेगावच्या दिशेने तो उतार आहे, हे त्याला ठाऊक होते. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे तेव्हा मनात आले नव्हते.

घाटाच्या तोंडाशी देव असणे ही जुनी व्यवस्था आहे. बोरघाटात शिंग्रोबा आहे. रेल्वेची वाट शोधणाऱ्या इंग्रज अभियंत्यांना घाटातून मार्ग दाखवणाऱ्या धनगराचे ते ठाणे, असे सांगतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाणारे चालक तिथे नाणे टाकतात. कसारा घाट चढून आल्यावर इगतपुरीला घाटनदेवी आहे. याच कोलकात्याच्या मार्गावर, प्रवासाच्या पार दुसऱ्या टोकाला, ओडिशातल्या बांग्रिपोसी घाटात द्वारसुनी देवी आहे आणि तिच्यापुढेही प्रत्येक गाडी क्षणभर थांबते. नाशिकच्या चालकाला ओडिया येत नाही, पण द्वारसुनीपुढे काय करायचे ते त्याला कुणी शिकवावे लागत नाही. गाडी बाजूला घ्यायची, खाली उतरायचे, हात जोडायचे. उतरलाच आहे तर चाकांभोवती एक फेरी होतेच.

देवळाच्या निमित्ताने ब्रेक थंड होतात, एवढाच याचा अर्थ लावणे सोपे आहे आणि शहरातली शिकलेली माणसे तो लगेच लावतात. तो अर्थ खोटा नाही, अपुरा आहे. ब्रेक थंड करण्यासाठी थांबा, असा नुसता फलक घाटाच्या तोंडाशी लावला तर किती गाड्या थांबतील? फलक वाचणारा डोळा आणि ब्रेकवरचा पाय यांच्यामध्ये मालकाचा फोन, चुकलेली वेळ, कमी पडलेली झोप आणि ‘आजवर काही झालं नाही’ हा भ्रम उभा असतो. देवीपुढे हे चारही गप्प बसतात.

तो क्लीनर पुढे परवाना काढून चालक झाला आणि चौथ्या वर्षी राहूड घाटातच त्याने गाडी घातली. घातली म्हणजे, स्वतः मुद्दाम डोंगराकडच्या गटारात घातली, कारण दुसऱ्या बाजूला दरी होती आणि पुढे एस. टी. होती. झाले होते असे की मालक फेरीचे डिझेल ठरवून देई आणि त्यातून वाचेल ते चालकाचे. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की थोडेफार वाचते. जड गाडी गिअरमध्ये असली म्हणजे इंजिनच तिला मागे धरून ठेवते. न्यूट्रलला टाकली की सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. लायनर तापतात, ड्रमला धरेनासे होतात आणि पायाखालचे पेडल असून नसल्यासारखे होते. ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर, हे उस्तादाचे वाक्य त्याला तोंडपाठ होते. त्या दिवशी बंपरचे लिंबू ताजे होते. देवळापुढून जाताना त्याने चालत्या गाडीतून हातही जोडले होते. थांबला मात्र नव्हता, कारण उशीर झाला होता.

शंभरेक गोण्या फुटल्या. माणूस कुणी दगावला नाही. क्लीनर म्हणाला देवीने वाचवले, आणि मिस्तरीने जळलेले लायनर हातात घेऊन न बोलता दाखवले. चालकाने दोन्ही मान्य केले. पुढची अनेक वर्षे नव्या पोरांना तो एकच गोष्ट सांगत राहिला: चालत्या गाडीतून केलेला नमस्कार देवीला पोचत असेल, ड्रमला पोचत नाही.

ट्रकधंद्यातल्या बऱ्याच श्रद्धा या अशा अर्धवट पाळण्याने बिघडतात. लिंबू दर शनिवारी बदलायचे आणि ग्रीस मारायला सहा महिने मुहूर्त लागायचा नाही. दसऱ्याला गाडी फुलांनी झाकून टाकायची आणि त्या फुलांखालचे टायर घासून गुळगुळीत झालेले. यात चालकाचा एकट्याचा दोष नसतो. लिंबू चालकाच्या खिशातून येते, टायर मालकाच्या. ज्याच्या हाती जे असते तेच तो बदलू शकतो.

डिझेलचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकलेला बरा. या रस्त्यावर ठरावीक ढाब्यांच्या मागे नळी, कॅन आणि मोजमाप तयार असते. टाकीतून वीस-तीस लिटर काढून द्यायचे, रोख घ्यायचे. वर उल्लेखलेल्या चालकानेही काही वर्षे दिले. सगळेच देतात, हे त्याचे समर्थन होते आणि आकडेवारीच्या अंगाने ते फारसे चुकीचेही नव्हते. पुढे एकदा हिशेबाला बसला असता मालकाचा मुनीम वही त्याच्यापुढे तशीच उघडी टाकून चहा सांगायला बाहेर गेला. प्रत्येक फेरीच्या रकान्यात कडेला बारीक अक्षरात एक आकडा होता. कुठल्या फेरीत किती लिटर गेले, ते मुनिमाने जवळपास बिनचूक लिहिलेले होते. वर्षानुवर्षे. कुणी कधी बोलले नव्हते, कारण बोलण्याची गरजच नव्हती: तो आकडा धरूनच चालकाचा भत्ता कमी ठेवलेला होता. म्हणजे चोरी पकडली जात नव्हती, ती भत्त्यात धरलेली होती.

त्याला पकडले जाण्याची लाज वाटली असती तर ती दोन दिवसांत गेली असती. बोचले ते वेगळेच. त्याच मालकाकडे एक म्हातारा चालक होता, जो थेंबभर डिझेल विकत नसे आणि त्याचाही भत्ता तेवढाच होता. चोरी गृहीत धरलेल्या हिशेबात खरा माणूस स्वतःच्या पदरचे भरत होता. चालकाने पुढच्या फेरीआधी मालकाशी नव्याने बोलणी केली: भत्ता पूर्ण, डिझेल प्रत्यक्ष लागेल तेवढे, गाडीचा ॲव्हरेज दोघांनी मिळून काढायचा. मालक हसला, पण ऐकले. म्हाताऱ्याचा भत्ता मात्र त्यानंतरही तेवढाच राहिला. तो मागत नसे. काही माणसांचे मानणे असे असते की त्याचा फायदा नेहमी दुसऱ्यालाच होतो.

झोपेबद्दल कायदा काय म्हणत आला ते बहुतेक चालकांना माहीत नसते. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा होता, २०२५च्या नोव्हेंबरपर्यंत लागू. दिवसाला आठ तास, लांब पल्ल्यासाठी फार तर दहा. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. कागदावर हे चांगले होते. प्रत्यक्षात कांद्याची गाडी दिवसाला दहा तास हाकून कोलकात्याला वेळेत पोचत नाही आणि दोन चालक ठेवण्याइतके भाडे मिळत नाही. त्यामुळे जो तो आपापला नियम करतो. एकाचा नियम असा की तीन ते पाच गाडी उभी म्हणजे उभी. दुसरा जेवण झाल्यावर दोन तास स्टिअरिंगला हात लावत नाही. तिसऱ्याचा नियम विचित्र वाटेल: समोरून येणाऱ्या गाडीला डिपर द्यायचा विसरलो की पुढच्या ढाब्यावर झोपायचे. हात विसरला म्हणजे डोके आधीच झोपले, असे त्याचे म्हणणे.

हे नियम कुणाच्या तरी मरणातून आलेले असतात. तीन ते पाच वाला नियम अकोला-अमरावतीच्या टापूतला आहे, तो रस्ता खड्ड्यांचा होता तेव्हाचा. २०२२च्या जूनमध्ये याच पट्ट्यात एकेरी मार्गिकेच्या ७५ किलोमीटरवर १०५ तास ३३ मिनिटांत डांबर टाकून गिनीज बुकात नोंद झाली, त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. एकाच व्यापाऱ्याचा माल घेऊन दोन गाड्या मागेपुढे निघाल्या होत्या. पहाटे चारच्या सुमाराला पुढची गाडी सरळ रस्त्यावर, कुठलेही कारण नसताना, उभ्या कंटेनरमध्ये घुसली. ब्रेकच्या खुणा नव्हत्या. मागच्या चालकाने ते समोर पाहिले. त्यानंतर आजवर त्याने ते दोन तास पाळले आहेत आणि त्यापायी दोन मालक सोडले आहेत. अफू, अफूच्या बोंडांची भुक्की, गुटखा, कर्कश गाणी हे झोपेवरचे इतर उपाय सर्वश्रुत आहेत; त्यांच्याबद्दल जास्त सांगण्यासारखे काही नाही, ते काम करत नाहीत एवढेच.

ओडिशात शिरल्यावर या प्रवासाला एक वेगळेच वळण लागते. केंदुझर जिल्ह्यात घटगाव नावाचे गाव आहे आणि तिथे तारिणी देवीचे ठाणे. तारिणीला नारळ वाहतात. ते वाहण्याची रीत अशी की भक्ताला स्वतः घटगावला जावे लागत नाही. ओडिशाच्या कुठल्याही कोपऱ्यातला माणूस नारळ घेऊन रस्त्यावर उभा राहतो आणि त्या दिशेने जाणाऱ्या कुठल्याही ट्रकच्या, बसच्या चालकाच्या हाती देतो. चालक आपला रस्ता जिथपर्यंत तिकडे जातो तिथपर्यंत नारळ नेतो आणि नाक्यावर, बसस्टँडवर ठेवलेल्या पेटीत टाकतो. तिथून दुसरा उचलतो. असे हातोहात हजारो नारळ देवीपुढे पोचतात. पैसे कुणी देत नाही, कुणी मागत नाही. देणाऱ्याचे नाव चालकाला ठाऊक नसते आणि चालकाच्या गाडीचा नंबर देणारा लिहून घेत नाही.

नाशिकच्या एका चालकाला हे पहिल्यांदा संबलपूरच्या पुढे घडले. एका चहाच्या टपरीवर नऊवारीसारखेच काहीतरी नेसलेली म्हातारी बाई आली, नारळ पुढे केला आणि ‘तारिणी, तारिणी’ एवढेच म्हणाली. त्याला वाटले विकते आहे. तो खिशात हात घालू लागला तशी ती रागावली. टपरीवाल्याने मोडक्या हिंदीत समजावले: केंदुझरला पेटी आहे, तिथे टाक. बस्स. त्याने नारळ तसबिरीपाशी ठेवला.

त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही, असे तो सांगतो, आणि यात भक्तीपेक्षा चक्रावून जाणे जास्त होते. त्याच्या गाडीत तेव्हा लाखोंचा माल होता. त्या मालाला बिल्टी होती, बिल होते, काटापावती होती, विमा होता, ताडपत्रीला सील होते, व्यापाऱ्याचा दिवसातून चार वेळा फोन होता. एवढे सगळे असूनही पोचल्यावर दोन गोण्या कमी भरल्या म्हणून वाद होईल, हे त्याला पक्के माहीत होते. आणि एक नारळ होता, ज्याला काहीच नव्हते. तो नारळ त्याने फोडून खाल्ला असता तर जगात कुणालाही कळले नसते. तो सुखरूप पोचणार याबद्दल गाडीत कुणालाच शंका नव्हती, त्याला स्वतःलाही.

तारिणीचा नारळ नाकारला तर गाडी अडते, असे तिथले चालक मानतात. भीती आहेच. पण नुसत्या भीतीवर इतकी मोठी वाहतूक चालत नाही. भीतीवर चालणाऱ्या गोष्टींमध्ये पळवाटा तयार होतात, जसे ओव्हरलोड गाड्यांसाठी वजनकाट्याच्या आधी आडरस्ते तयार झालेले आहेत. नारळाला आडरस्ता नाही, कारण त्यात चालकाला लबाडी करून मिळण्यासारखे काही नाही आणि नेऊन पोचवण्यात मात्र एक गोष्ट मिळते, जी त्याला एरवी क्वचित मिळते: कुणीतरी न विचारता टाकलेला भरवसा. टोलनाक्यावर, आरटीओपुढे, बाजार समितीच्या गेटवर तो कायम संशयित असतो. त्या म्हातारीने त्याला तसे पाहिले नाही. पुढे कित्येक फेऱ्यांत त्याने नारळ नेले. एकदा केंदुझरची पेटी भरून वाहत होती म्हणून दुसऱ्या ट्रकवाल्याच्या हाती दिला, आणि देताना त्याच्या लक्षात आले की आपणही त्याच्या गाडीचा नंबर पाहिला नाही.

याउलट एक रात्र त्याच्या मनातून जात नाही. सरायपालीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला मोटारसायकल पडलेली होती आणि तिच्यापासून दहा-बारा हातांवर माणूस. हेडलाइटच्या उजेडात माणसाचा हात हलला. चालकाने वेग कमी केला आणि पुन्हा वाढवला. कारण सोपे होते: अपघाताशेजारी जो ट्रक उभा असतो, धडक त्यानेच दिली असे जमाव धरून चालतो. मार आधी मिळतो, चौकशी नंतर. पुढच्या ढाब्यावर त्याने चहा घेतला, तो तसाच टाकला. परत वळला नाही. त्या माणसाचे काय झाले ते त्याला कधीच कळले नाही. तसबीर त्या रात्रीही समोर होती आणि उदबत्तीही लावलेली होती, हे तो स्वतःहून सांगतो. बाकी काही सांगत नाही.

कायद्याने या भीतीला दोन्ही बाजूंनी हात घातला आहे. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केले आणि २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १३४-अ आले; त्याखालच्या नियमांनुसार जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार होण्याची सक्ती नाही. दुसऱ्या बाजूने, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाचा जीव घेऊन, पोलिसांना न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली गेली. त्यावर जानेवारी २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रक थांबले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि जुलैमध्ये संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवले गेले. संपावर असलेल्या चालकांचे म्हणणे पळून जाण्याचा हक्क हवा असे नव्हते. थांबलो तर जिवंत राहू याची हमी कोण देणार, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो योग्य प्रश्न होता. सरायपालीच्या त्या रात्रीनंतर या चालकाने स्वतःपुरता मधला मार्ग काढला: गाडी शंभर पावले पुढे नेऊन उभी करायची, १०८ला फोन लावायचा, रुग्णवाहिकेचा आवाज येईपर्यंत हलायचे नाही. हा धाडसाचा नियम नाही. त्याला झेपेल एवढा आहे. आजवर तीनदा लागला.

कागदावरचा भरवसा कसा कोसळतो ते २०२० साली दोनदा दिसले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अत्यावश्यक मालाच्या गाड्यांना मुभा होती, पण ढाबे बंद, पंक्चरवाले बंद, मिस्तरी घरी. गाडीला परवानगी होती, चालकाच्या पोटाला नव्हती. महामार्गाकाठच्या एका गावाने रस्त्यावर टेबल मांडून भात आणि डालमा ठेवला होता. माणसे लांब उभी राहत, चालक वाढून घेत. त्यांना चालकाची भीती वाटत होती, हे त्यांच्या उभे राहण्यातून दिसत होते. तरी दुसऱ्या दिवशी टेबल तिथेच होते.

दुसरा प्रसंग सप्टेंबरचा. १४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली. बांगलादेशाकडे निघालेल्या गाड्या घोजाडांगा, महदीपूर, पेट्रापोल इथे सीमेवर अडकल्या. कागद सगळे होते, फक्त निघतानाचा नियम पोचेपर्यंत बदललेला होता. पावसाळ्याचे दिवस, बंगालचा दमटपणा. चालक दिवसा ताडपत्री उघडत, सर आली की चढून पुन्हा ओढत. चौथ्या दिवशी फाळक्यातून पाणी ठिबकू लागले. तो वास कपड्यांतून महिनाभर जात नाही. काही गाड्यांना पुढे वाट मिळाली, बऱ्याचशा मालाची माती झाली. निर्यातीच्या मालावर बंदी हा सरकारचा धंद्यातला नेहमीचा डाव आहे. २०१९मध्ये झाली होती, डिसेंबर २०२३मध्ये पुन्हा झाली. शेतकरी, व्यापारी, चालक तिघेही त्या शक्यतेला देवाचा कोप मानतात तसेच मानतात, म्हणजे तिच्याशी वाद घालता येत नाही. त्या फेरीत एका व्यापाऱ्याने सडलेल्या मालाचेही ठरलेले पूर्ण भाडे दिले. एकदम नाही, तीन हप्त्यांत, आणि दर वेळी ‘भाऊ, अजून थोडं थांब’ म्हणून. करार लेखी नव्हता. चालक आजही त्या व्यापाऱ्याचा माल दुसऱ्याच्या आधी भरतो.

अलीकडे गाडी बदलली आहे. २०१७च्या जुलैत जीएसटी आला आणि सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या जड ट्रकांना वातानुकूलित केबिन बंधनकारक आहे. क्लीनर बहुतेक गाड्यांतून गेला. एका गाडीवर दोन पगार परवडत नाहीत. टायर ठोकून आवाज ऐकणारे कान त्याच्याबरोबर गेले, कारण उस्ताद व्हायचा रस्ता त्या मागच्या फळीवरूनच जात होता. नवा चालक ड्रायव्हिंग स्कूलमधून येतो, गाडी उत्तम चालवतो आणि उतारावर इंजिनचा ब्रेक वापरतो. तसबीर त्याच्याही केबिनमध्ये असते. ती दुकानातून बॅटरीसकट मिळते.

गाडीत जीपीएस असतो. ठरलेल्या थांब्याव्यतिरिक्त कुठे चाक थांबले की मालकाच्या फोनवर सूचना वाजते. नाशिक जिल्ह्यातल्या एका मालकाने ही यंत्रणा बसवल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याच्या सगळ्या गाड्यांची एकाच ठिकाणची सूचना येऊ लागली: चांदवड, विनापरवाना थांबा, सहा ते अकरा मिनिटे. त्याने चालकांना फोन करून विचारले. कुणी पाणी प्यायला म्हणाले, कुणी हवा तपासायला. एकानेच खरे सांगितले. मालकाने दोन दिवस विचार केला, मग यंत्रणा बसवणाऱ्या पोराला बोलावून चांदवड मंजूर थांब्यांच्या यादीत घालायला लावले. पोराने विचारले, किती मिनिटे टाकू? मालक स्वतः पंधरा वर्षे ट्रक चालवून मालक झालेला होता. दहा टायर ठोकायला किती वेळ लागतो ते त्याने मनात मोजले आणि पंधरा सांगितली.